एडेल ते किंडर स्काउट: पीटच्या पठारावर एक दिवस

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मँचेस्टर आणि आसपासच्या गावांत राहणारे आम्ही 11 मराठी लोक डर्बीशरमधल्या एडेल गावातून निघालो, किंडर स्काउटच्या पठारावर चढून सुमारे 14 किलोमीटर चाललो आणि संध्याकाळी त्याच गावातल्या पबमध्ये परत आलो. गटात सर्वांत लहान 14 वर्षांची मुलगी होती आणि सर्वांत वडील असलेले काका 67 वर्षांचे. विश्रांती, डबा आणि एक चुकलेली वाट धरून आम्हांला सात तास लागले. सरावाचे चालणारे पाच तासांत परततील, परंतु मिश्र वयाच्या गटाने सात तासांचाच हिशेब धरावा.

मँचेस्टर पिकॅडिलीहून शेफील्डकडे जाणारी, लहान स्थानकांवर थांबणारी गाडी साधारण पाऊण तासात एडेलला आणून सोडते. मोटारीने यायचे असल्यास सकाळी लवकर यावे, कारण चांगल्या हवेच्या रविवारी गावातला वाहनतळ पाहता पाहता भरतो. तिथले स्वच्छतागृह वापरून आणि बाटल्या भरूनच पुढे निघावे. पठारावर ना दुकान आहे ना पिण्याजोगे पाणी.

सह्याद्रीतले किल्ले चढलेल्या माणसाला किंडर स्काउटची 636 मीटर ही उंची किरकोळ वाटेल, आणि चढणीपुरते ते खरेही आहे. येथील अवघडपणा उंचीत नसून माथ्यावरच्या जमिनीत आहे. कोकणातला सडा पायाखाली कातळासारखा घट्ट लागतो. येथे मात्र पाणी धरून बसलेल्या शेवाळाचे हजारो वर्षांत साचलेले काळे, स्पंजासारखे पीट आहे. त्यात पाण्याने कोरलेल्या, माणसाच्या उंचीपेक्षा खोल घळींचे जाळे पसरलेले असून एकदा त्यांत उतरल्यावर चारही दिशा सारख्याच दिसतात. मँचेस्टर आणि शेफील्डच्या कारखान्यांच्या धुराने ते शेवाळ मारले, मेंढ्यांची अतिचराई आणि वणवे यांनी उरलेले आवरण ओरबाडले आणि उघडे पडलेले पीट वाहून जाऊ लागले. 1982 पासून ही जमीन नॅशनल ट्रस्ट या निसर्ग व वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. घळींना बांध घालून आणि शेवाळ पुन्हा लावून पठार सावरण्याचे काम तिथे चालू आहे. म्हणूनच सर्वांना कळकळीने सांगावेसे वाटते की चिखल टाळण्यासाठी वाटेच्या कडेने चालू नये, कारण तसे केल्याने वाट रुंदावते आणि नवे लावलेले शेवाळ तुडवले जाते. बूट भिजणारच आहेत, हे मनाशी धरून वाटेच्या मधूनच जावे.

आम्ही ओल्ड नॅग्ज हेड या पबसमोरून पेनाइन वे धरला. 1965 साली खुली झालेली आणि स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे कर्क येथोमपर्यंत 268 मैल जाणारी ही पायवाट येथूनच सुरू होते. पहिला तासभर ती मेंढ्यांच्या कुरणांतून आणि दगडी गडग्यांमधून अप्पर बूथकडे सौम्यपणे जाते. वाटेतले प्रत्येक फाटक आपल्यामागे लावून घेण्यास विसरू नये. पुढे ओढ्यावरचा जुना, अरुंद दगडी पूल ओलांडला की जेकब्ज लॅडर ही दगडी पायऱ्यांची उभी चढण लागते. काकांना येथे दोनदा थांबावे लागले आणि त्यांच्या गतीने सगळा गट चालला, हे योग्यच झाले.

माथ्याजवळ काही ठिकाणी वाटेवर मोठ्या फरशा अंथरल्या आहेत. पेनाइन वेवरच्या अशा पुष्कळ फरशा लँकेशरमधल्या पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीच्या आहेत. हे समजल्यावर काका एका फरशीवर बराच वेळ उभे राहिले, कारण त्यांच्या वडिलांची सारी नोकरी परळच्या गिरणीत झाली होती.

किंडर लो या पठारावरच्या उंचवट्यावर, 633 मीटरवरील सर्वेक्षणाच्या खांबापाशी आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तेवढ्यात पश्चिमेकडून धुके चढले आणि वीस पावलांपलीकडचे दिसेनासे झाले. पुढच्या तिघांनी दक्षिण कडा सोडून आतली पायवाट धरली आणि त्यांपैकी एकाचा पाय गुडघ्यापर्यंत पीटमध्ये गेला. त्याला बाहेर काढून, नकाशा व होकायंत्र वापरून कड्यावर परतण्यात आमची पाऊण तासाची खोटी झाली. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा ओएल 1 हा कागदी नकाशा जवळ असावाच. फोनला पुष्कळ ठिकाणी संपर्क मिळत नाही. मिळाला आणि गरज पडली तर 999 वर पोलिसांकडे डोंगरी बचाव पथकाची मागणी करावी.

धुके विरल्यावर नो स्टूल, पिम चेअर, वूल पॅक्स आणि क्राउडन टॉवर हे वाऱ्याने घासलेले खडक एकामागून एक दिसू लागले आणि उतारांवर शेवटच्या बहरातली हेदरची जांभळी झुडपे. या पठारावर पूर्वी शिकारीसाठी पक्षी राखलेले असत आणि सामान्यांस मज्जाव होता. 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन या 20 वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने शेकडो कामगार पश्चिमेकडच्या हेफील्डहून येथे मुद्दाम चढून आले. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. 2000 सालच्या कायद्याने मोकळ्या माळावर चालण्याचा जो हक्क मिळाला, त्याच्या मागे त्या पाच जणांची शिक्षा आहे. ही हकीकत ऐकून आमच्यातल्या 14 वर्षांच्या मुलीने विचारलेले प्रश्न खाली गावापर्यंत पुरले.

उतरताना ग्राइंड्सब्रूकची घळ निवडली, ही आमची चूक होती. वरचा भाग म्हणजे मोठ्या, ओल्या दगडांची रास आहे आणि उतरताना गुडघ्यांवर सारा भार येतो. पुढच्यांनी हाच फेरा उलटा करावा, म्हणजे ताज्या पायांनी घळ चढून जेकब्ज लॅडरने उतरता येईल.

ओल्ड नॅग्ज हेडची इमारत 1577 सालची सांगितली जाते. आम्ही दोन दिवस आधी दूरध्वनी करून मोठे टेबल राखून ठेवले होते. दहाहून अधिक लोक असल्यास असे करावेच, आणि शाकाहारी किती हेही तेव्हाच सांगावे. चिखलाचे बूट दाराशी काढता यावेत म्हणून कोरडे मोजे पाठपिशवीत ठेवावेत. पबमध्ये साधारणपणे टेबलाचा क्रमांक पाहून काउंटरवर मागणी नोंदवावी लागते. मद्य न घेणाऱ्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही, आमच्यातल्या निम्म्यांनी चहा आणि बटाट्याच्या गरम चिप्सच घेतल्या. तिथून स्थानक पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे, परंतु रविवारी गाड्या कमी असतात. परतीची वेळ सकाळीच पाहून ठेवावी आणि जेवणाची मागणी तिच्या दीड तास आधी तरी द्यावी.