तुम्ही विचारलंत म्हणून : झॉडची मान मोडायला हवी होती का?

सुपरहिरोनं पडद्यावर खलनायकाला ठार मारावं का? २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये रेल्वे स्टेशनातल्या एका कुटुंबाला वाचवण्यासाठी सुपरमॅन त्याच्याच ग्रहावरून आलेल्या झॉड या खलनायकाची मान मोडतो. सुपरहिरोंचा विषय निघाला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. "मारू नये" म्हटलं की समोरून येतं, मग स्टेशनातल्या त्या कुटुंबाला मरू द्यायचं होतं का? "मारावं" म्हटलं की दुसरं कुणी विचारतं, मग सुपरमॅनमध्ये आणि बंदूक घेऊन फिरणाऱ्या कुठल्याही हिरोमध्ये फरक काय उरला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. चिडचिड होते ती एवढ्याचसाठी, की उत्तर एका शब्दात हवं असतं आणि एका शब्दात दिलेलं उत्तर खोटं ठरतं. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

आधी नियमाबद्दल. "मारायचं नाही" हे व्रत सुपरहिरोंनी जन्मतःच घेतलेलं नव्हतं. १९३९ साली आलेला बॅटमॅन सुरुवातीच्या गोष्टींमध्ये माणसं मारायचा. १९४० मध्ये त्याच्या नावाच्या कॉमिकचा पहिला अंक निघाला, त्यात तर तो विमानावरच्या मशीनगननं ट्रकवर गोळ्या झाडतो. त्यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बंदूक आणि खून दोन्ही बंद केलं. त्याच अंकात जोकर हा खलनायक मरणार होता. तो जिवंत आहे असं दाखवणारी चौकट शेवटी घालायला एल्सवर्थ यांनीच लावली. म्हणजे लहान वाचकांची काळजी जशी त्यामागे होती, तशी धंद्याची गरजही होती. नियमानं अंक काढायचा तर चांगला खलनायक पुन्हा पुन्हा हाताशी हवा.

सिनेमाचं गणित नेमकं उलटं. दोन-अडीच तासांत गोष्ट मिटवायची, खलनायकाचा नट बहुतेक वेळा एकाच चित्रपटापुरता घेतलेला, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला शेवट शेवटासारखा हवा. त्यामुळे छापील जोकर पिढ्यान् पिढ्या जगतो आणि १९८९ च्या सिनेमातला जोकर एका क्लायमॅक्समध्ये संपतो. नियम धंद्यातून आला म्हणून तो फेकून द्यावा असं मात्र मला वाटत नाही. मारण्याची सोपी वाट बंद झाल्यामुळेच लेखकांना डोकं चालवावं लागलं, आणि या गोष्टींमधलं उत्तम ते बरंचसं त्या अडचणीतूनच आलं.

आपल्याकडे या कामाला दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कंसाचा वध होतो. कंसाचा खून झाला असं कुणी म्हणत नाही. वधामागे हिशेब असतो. शिशुपालाचे शंभर अपराध पोटात घालीन असा शब्द कृष्णानं त्याच्या आईला दिलेला असतो. ते शंभर भरतात, राजसूय यज्ञाच्या भरसभेत भरतात, आणि मगच चक्र सुटतं. पटकथेच्या भाषेत सांगायचं तर इशारा आधी दिलेला आहे, मोजणी सगळ्यांसमोर झाली आहे आणि मारणाऱ्यानं आपला हात लपवलेला नाही. दुसरी रीत भस्मासुराची. तिथं खलनायक स्वतःच्याच हातानं मरतो. पण मोहिनीचं रूप विष्णूनं समजून उमजून घेतलेलं असतं, हे विसरू नका. नाच कुठल्या मुद्रेवर संपणार ते त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे.

सुपरहिरो सिनेमांनी भस्मासुराची रीत उचलली आणि तिच्यातला विष्णू काढून टाकला. २००२ च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये खलनायक ग्रीन गॉब्लिन स्वतःचा ग्लायडर, म्हणजे उडायचं यंत्र, मागून पीटरवर, म्हणजे स्पायडर-मॅनवर, सोडतो, पीटर उडी मारून बाजूला होतो आणि ग्लायडर मालकाच्याच पोटात घुसतो. पीटरचे हात स्वच्छ. या बाबतीत २००५ चा 'बॅटमॅन बिगिन्स' मला सगळ्यात जास्त टोचतो. बॅटमॅन खलनायक रास अल गूलला सांगतो की मी तुला मारणार नाही, पण वाचवायलाही बांधलेलो नाही, आणि धावत्या रेल्वेतून निघून जातो. पण पुढचे रूळ उडवायला आपली गाडी देऊन पोलीस अधिकारी गॉर्डनला पाठवलं कुणी? बॅटमॅननंच. गाडी कोसळणार हे त्याला माहीत आहे, आत माणूस आहे हेही माहीत आहे. याला मारणं म्हणत नसतील तर काय म्हणतात? खलनायकाला मारल्याबद्दल माझी तक्रार नाही. मारून वर न मारल्याचं श्रेय घेतलं, ही तक्रार आहे.

आता झॉड. तुमचा प्रश्न नव्वद टक्के वेळा त्याच्याबद्दलच असतो.

झॉड माझ्या माहितीत तीनदा मेला आहे. १९८० च्या 'सुपरमॅन २'मध्ये त्याची शक्ती आधी काढून घेतली जाते. मग सुपरमॅन त्याचा हात चिरडतो, त्याला उचलून भिंतीवर फेकतो आणि तो बर्फातल्या खोल भेगेत दिसेनासा होतो. पोलीस झॉडला आणि त्याच्या दोन साथीदारांना धरून नेतात असा प्रसंग चित्रित झाला होता, पण चित्रपटगृहात लागलेल्या आवृत्तीत तो नव्हता. म्हणजे पडद्यावर उरलं ते एवढंच: शक्ती गेलेल्या माणसाला दरीत टाकलं. त्याबद्दल मला कुणीही, कधीही विचारलेलं नाही. कॅमेऱ्यानं दरीचा तळ दाखवला नाही, संगीत विजयाचं होतं, प्रेक्षक खूश होऊन घरी गेले.

२०१३ चा 'मॅन ऑफ स्टील' मात्र तळ दाखवतो. तो प्रसंग जवळून बघू या, कारण सगळा वाद तिथल्या बारकाव्यांत आहे. निम्मं मेट्रोपोलिस पडलं आहे. झॉडचे सगळे सोबती गेले आहेत, आता त्याला जगायला कारण उरलेलं नाही. दोघं शहरभर, इमारतींमधून, थेट अंतराळापर्यंत लढत जातात, एका उपग्रहावर आदळतात आणि जळत खाली येऊन रेल्वे स्टेशनात कोसळतात. सुपरमॅननं झॉडला मागून धरलं आहे, मान कवेत आवळलेली. झॉडच्या डोळ्यांतून जाळणारे किरण निघताहेत. कोपऱ्यात भिंतीला चिकटून एक कुटुंब उभं आहे, आणि ती तांबडी रेषा भिंतीवरून त्यांच्या दिशेनं सरकते आहे. सुपरमॅन विनवतो, थांब, असं करू नकोस. झॉड नकार देतो. मग मानेचा आवाज. सुपरमॅन गुडघ्यांवर बसतो आणि किंचाळतो. त्याची प्रेयसी लोइस येते, तो तिला बिलगतो.

सिनेमा आला तेव्हा मी या प्रसंगाची बाजू हिरिरीनं मांडत होते. माझा मुद्दा साधा होता. त्याला पर्याय नव्हता, त्यानं विनवलं, झॉडनं स्वतः निवड केली आणि मारल्यावर सुपरमॅन रडला. शिशुपालाचं सगळं गणित बसतं, असं मी म्हणत असे. तेव्हाच्या त्या माझ्याशी आज मला दोन गोष्टींवर भांडायचं आहे.

पहिली गोष्ट पर्यायाची. "पर्याय नव्हता" हे वाक्य पटकथेत कधीच खरं नसतं. खोलीही लेखकानं बांधलेली असते आणि दार बंद करणाराही तोच. लेखक डेव्हिड गॉयर यांनी हे उघडपणे सांगितलेलं आहे. आधीच्या आराखड्यात झॉड त्याच्या सोबत्यांसारखाच फँटम झोनमध्ये, म्हणजे दुसऱ्या मितीतल्या तुरुंगात, ओढला जाणार होता. दिग्दर्शक झॅक स्नायडर यांना झॉड मरायला हवा होता. निर्माते ख्रिस्तोफर नोलन यांचा त्याला विरोध होता. कुटुंबाकडे सरकणारे ते किरण लिहिले गेले तेव्हा कुठे नोलन तयार झाले. म्हणजे मृत्यू आधी ठरला आणि ते कुटुंब नंतर कोपऱ्यात उभं केलं गेलं. बरं, केलं तर केलं. सगळेच लेखक तसं करतात. पण मग दारं नीट लावायची जबाबदारी लेखकाची. काही मिनिटांपूर्वी दोघं अंतराळात जाऊन आले आहेत, हे प्रेक्षकानं पाहिलं आहे. त्यामुळे त्याच्या मनात लगेच येतं, उचल आणि वर उड. डोळ्यांवर हात ठेव. या दोन शंका क्लायमॅक्सच्या आधीच मिटायला हव्या होत्या. हात ठेवून बघितला आणि किरण थांबले नाहीत, असा चार सेकंदांचा एक शॉट पुरला असता. वर उडायचा प्रयत्न आणि झॉडनं पाय रोवून धरणं, एवढ्यानं दुसरी मिटली असती. शंका क्लायमॅक्समध्ये उठली की प्रेक्षक हिरोच्या जागी उभा राहण्याऐवजी त्याला सल्ला द्यायला लागतो, आणि प्रसंग तिथंच सुटतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे नंतरचं. त्या किंचाळीनंतर काय येतं? सुपरमॅन लष्कराचं ड्रोन पाडून जनरलसमोर टाकतो, चार शब्द होतात, आणि एक तरुण अधिकारी हसत म्हणते की तो दिसायला छान आहे. प्रेक्षक हसतो. मग आई, मग चष्मा, नवी नोकरी, शेवट. ज्याचा आक्रोश आपण नुकताच ऐकला, त्याच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही. या अनुभवातूनच सुपरमॅनला न मारण्याचं महत्त्व कळतं, अशी स्नायडर यांची भूमिका होती. भूमिका चांगली आहे, पण ती मुलाखतीत आहे. पडद्यावर ती दाखवणारा एकही प्रसंग नाही. तीन वर्षांनी पुढचा भाग आला, त्यात शहर पडल्याचा जाब सुपरमॅनला विचारला जातो, झॉडचं प्रेत कथानकाच्या कामाला येतं, पण झॉडला मारून त्याच्या मनाचं काय झालं, याला तिथंही जागा नाही.

हे होऊ शकतं, आणि झालेलंही आहे. झॉडचा तिसरा मृत्यू कॉमिकमधला आहे, १९८८ चा, जॉन बर्न यांचा. तिथं झॉड आणि त्याचे दोन साथीदार एका वेगळ्या विश्वातली सगळी पृथ्वी मारून टाकतात. सुपरमॅन हिरव्या क्रिप्टोनाइटनं, म्हणजे त्याच्या ग्रहावरच्या लोकांना मारक असलेल्या खनिजानं, त्या तिघांना देहदंड देतो. त्यांची शक्ती आधीच गेलेली आहे, ते गयावया करताहेत आणि तो थांबत नाही. न्यायाधीश तोच, शिक्षा देणाराही तोच. खरं सांगायचं तर २०१३ च्या प्रसंगापेक्षा हे कितीतरी जास्त क्रूर आहे. पण पुढच्या अंकांमध्ये त्याचं मन दुभंगतं, झोपेत तो दुसऱ्याच वेषात शहरात फिरायला लागतो. हे कळल्यावर पृथ्वीसाठी आपणच धोका आहोत असं ठरवून तो अंतराळात निघून जातो. त्या मृत्यूची किंमत कित्येक महिने कागदावर दिसत राहते. म्हणून ते मारणं मला मान्य नसूनही पटतं, आणि २०१३ चं मान्य असूनही पटत नाही. यात विसंगती आहे. ती मला दिसते.

कुणी लिहायला बसलं असेल तर माझा सल्ला नेहमी हाच असतो. खलनायकाला मारायचं असेल तर मारण्याच्या प्रसंगावर कमी खर्च करा आणि त्यानंतरच्या प्रसंगावर जास्त. नंतरचा प्रसंग विनोदाचा नको. हिरोला कुणीतरी विचारायला हवं, आणि विचारणारं माणूस त्याच्यावर प्रेम करणारं असलं तर उत्तम. पुढच्या संकटात त्याचा हात एकदा तरी अडायला हवा.

'द डार्क नाइट'ची आठवण तुम्ही करून देताच. २००८ मध्ये बॅटमॅन पडणाऱ्या जोकरला दोरी टाकून वाचवतो. जोकर उलटा लटकतो, कॅमेरा हळूहळू फिरतो आणि तो आपल्याला सुलटा दिसायला लागतो. न मारण्याचा इतका प्रभावी शॉट मी दुसरा पाहिलेला नाही. पण त्याच रात्री गॉर्डनच्या मुलाला वाचवताना बॅटमॅन गुन्हेगार बनलेल्या सरकारी वकील हार्वी डेंटला धडक देतो आणि डेंट पडून मरतो. "बॅटमॅन मारत नाही" म्हणणारे हा मृत्यू मोजत नाहीत. चित्रपट मात्र मोजतो. डेंटचे गुन्हे बॅटमॅन अंगावर घेतो, कुत्रे मागे लागतात, आणि पुढच्या भागात कळतं की आठ वर्षं तो घरात बसला. मला हवा तो हिशेब इथं आहे.

आणि २०२१ चा 'नो वे होम'? तिथं पीटर तोच ग्लायडर उचलतो आणि गॉब्लिनवर हाणणार एवढ्यात वयानं मोठा असलेला दुसरा पीटर मध्ये उभा राहतो. एकोणीस वर्षांपूर्वी जो नुसता बाजूला झाला होता, तोच. एक शब्द न बोलता तो हत्यार धरून ठेवतो. हा प्रसंग मला फार प्रिय आहे. पण नंतर गॉब्लिनला इंजेक्शन देऊन बरं करता येतं, म्हणून तो प्रसंग उभा राहतो, हेही मला मान्य करायला हवं. झॉडवर इंजेक्शन नव्हतं. ज्याच्यावर इलाज नाही, ज्याला कुठला तुरुंग धरू शकत नाही आणि जो मी थांबणार नाही असं तोंडावर सांगतो, त्याचं काय करायचं, याचं उत्तर या सुंदर प्रसंगात नाही. माझ्याकडेही नाही. लेखकानं त्याला त्या कोपऱ्यापर्यंत आणायलाच नको होतं, असं मी म्हणते खरी. पण मग अशा खलनायकाची गोष्ट कधी सांगायचीच नाही का, असं तुम्ही विचारलंत की मी अडते.

तो प्रसंग मी अजूनही लावून बघते. वर लिहिलेले सगळे दोष मला पाठ आहेत. तरी दरवेळी माझी नजर झॉडच्या मानेवर नसते. ती भिंतीवरून सरकणाऱ्या त्या तांबड्या रेषेवर असते, आणि ती थांबावी, कशीही थांबावी, एवढंच तेव्हा वाटत असतं.