पाटाचं दार

गुरुवार, रात्री

स्तनाच्या कर्करोगावर केमो घेतलेल्या आत्याच्या काखेत पुन्हा गाठ आली आहे. आज डॉक्टरांनी फाईल चाळून सांगितलं की आधीच्या औषधांना ती दाद देईलसं वाटत नाही, औषध बदलू. संभाजीनगरहून घनसावंगीला परतताना चुलतभावाने गाडीतच कारण शोधून काढलं: "केमो चालू असताना हिचे उपास कुठं सुटले?" आत्या खिडकीकडे तोंड करून बसली. आपल्याकडे आजार झाला की आधी बाईचं पथ्य तपासतात.

पथ्यात तिने काय कमी ठेवलं होतं? आधी ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन. मग पॅक्लिटॅक्सेल. त्याने बोटं अशी बधिर झाली की ब्लाउजचे हुक वहिनी लावून द्यायची, आणि भाकरी उलटताना चटका बसला तरी हिला उशिरा कळायचं.

जेवणं झाल्यावर तिने विचारलं, "कामून गं, गाठीला बी सवय लागती का औषधाची?"

सवय अंगाला लागत नाही, गाठीतल्या पेशींना लागते, एवढं तरी मला तिच्या मनात पक्कं बसवायचं होतं. काही पेशींच्या डीएनएची अक्षरंच बदलतात, ते उत्परिवर्तन. पण कधी अक्षरं जशीच्या तशी राहतात, आणि कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, एवढंच बदलतं. जायकवाडीचं पाणी तिला ठाऊक आहे, म्हणून म्हटलं, कालवा तोच असतो, पाटाचं दार कुणाचं उघडलं त्यावर कुणाचं रान भिजायचं ते ठरतं. तिला लगेच पटलं. पाण्याच्या पाळीवरून तिने भांडणं केलेली आहेत.

हे दार म्हणजे मिथाइल गट, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात तो सायटोसिन या डीएनएच्या अक्षरावर दाटीने चिकटला की जनुक सहसा गप्प बसतं. एबीसीबी१ नावाचं जनुक पेशीच्या भिंतीत एक पंप तयार करतं आणि तो आत शिरलेलं औषध बाहेर फेकतो. डॉक्सोरुबिसिनही आणि पॅक्लिटॅक्सेलही, जणू दोघांशी एकच वैर. प्रयोगशाळेत डॉक्सोरुबिसिन पचवून टिकलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये या जनुकावरचे मिथाइल गट उतरलेले सापडले आहेत. आत्याच्या गाठीत हेच झालं असेल असं मी म्हणणार नाही. वाटा पुष्कळ आहेत.

भावाचा दुसरा मुद्दा होता, "रक्तातली बीआरसीए तपासणी नॉर्मल होती ना?" होती. पण ती तपासणी बीआरसीए या डीएनए सांधणाऱ्या जनुकांची जन्मतः मिळालेली अक्षरं वाचते. काही ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर२ हे तिन्ही रिसेप्टर (पेशीतले संदेश पकडणारे रेणू) नसलेल्या गाठींत बीआरसीए१ची अक्षरं ठीक असतात, पण मिथाइलने ते बंद पडलेलं असतं. अशा पेशीला तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही, म्हणून कार्बोप्लॅटिनसारखं डीएनए बिघडवणारं औषध तिला झोंबतं. पुढे मिथाइल उतरलं, जनुक जागं झालं, की दुरुस्तीही सुरू आणि औषधही बोथट. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार चिडवणारं वाटलं होतं. शरीराच्या भल्याचं जनुक परत चालू होतं आणि नेमका त्याचाच फायदा गाठ घेते!

दार उघडतं तसं ते बंदही होऊ शकतं, म्हणून लोकांना आशा वाटते. व्हॉट्सअॅपवर हळद आणि ब्रोकोली याच आशेवर विकली जाते. खरी औषधं आहेत, पण मिथाइल उतरवणारं अझासिटिडिन अमेरिकेत 2004 साली मंजूर झालं ते रक्ताच्या आजारासाठी. स्तनाच्या कर्करोगात हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, काम करणाऱ्या एंटिनोस्टॅटने मोठ्या चाचणीत आयुष्य वाढवलं नाही. चीनमध्ये ट्युसिडिनोस्टॅट 2019 साली मंजूर झालं, तेही हार्मोन रिसेप्टर असलेल्या गाठींसाठी. आत्याची गाठ ट्रिपल निगेटिव्ह.

सोमवारी डॉक्टरांना विचारायचं: नव्या गाठीचा तुकडा काढून रिसेप्टर पुन्हा तपासणार का, आणि कार्बोप्लॅटिनचा विचार आहे का. भावालाही सोबत नेणार आहे. त्याने उपासाचं तिथेच विचारावं.