कुत्र्याच्या सोबतीनं सांदवाडीतल्या पक्ष्यांचे फोटो: माझा अनुभव

घरात कुत्रं असलं की पक्षी अंगणात येत नाहीत, असं लोक ठामपणे सांगतात. आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, उलटं आहे. आमचा कुत्रा काळू कडुनिंबाखाली पोत्यावर पसरलेला असतो आणि समोर परळावर, म्हणजे पाण्याच्या पसरट मातीच्या भांड्यावर, बुलबुल, सातभाई, दयाळ, भांगपाडी मैना, होले पाणी पितात. पक्षी कुत्र्याच्या धावण्याला भितात आणि ते कधी कुठून येईल याचा नेम नसण्याला भितात. कुत्र्याची जागा रोज तीच राहिली, त्याचा दोर कुठवर पोचतो हे ठरलेलं राहिलं, की त्या हद्दीच्या बाहेर पक्षी निवांत उतरतात. शिवाय गावात पक्ष्यांचा खरा वैरी मांजर. कुत्रं असलं की मांजर कुंपणाच्या आत पाय टाकत नाही आणि वांदरंही पपईवर उतरताना बिचकतात. त्यामुळं कुत्र्याला कोठ्यात कोंडून फोटो काढायचे, हा मार्ग मी धरलाच नाही. आधी कुत्र्याची जागा, मग पाणी, मग फांदी आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा, या क्रमानं सगळं बसवलं.

जागेपासून सांगतो. दोर १० फुटांचा, सुती, बैलाच्या दाव्यासारखा जाड; नायलॉनचा दोर पायात अडकला की कातडी कापतो. पट्ट्याजवळ फिरती कडी हवीच, नाहीतर दोराला पीळ पडून तो तासाभरात अर्धा होतो. गळ्याला सरकफास कधी नाही. परळ दोराच्या बुडापासून २५ फुटांवर. हिशेब असा की दोर १० फूट, त्यापुढं कुत्र्याचं अंग आणि लांबवलेली मान मिळून ४ फूट, म्हणजे पोच १४ फुटांची. त्यानंतर निदान १० फूट मोकळे राहिले पाहिजेत. आमच्या खारपाणपट्ट्यातली (विदर्भातल्या खाऱ्या पाण्याच्या भागातली) काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि फेब्रुवारीत घट्ट ठोकलेला खुंटा एप्रिलमध्ये हातानं उपटून येतो. म्हणून दोर कडुनिंबाच्या बुंध्यालाच, खाली पोत्याची घडी घालून बांधलेला बरा. खुंटाच हवा असेल तर जुन्या बादलीत सिमेंट ओतून त्यात रोवावा आणि बादली जमिनीत गाडावी.

कुत्र्याला शिकवताना सुरुवातीला कॅमेऱ्याचं नावही काढू नये. पहिलं काम म्हणजे पोतं. सपरीत (पडवीत) पोतं अंथरायचं, कुत्र्यानं त्यावर पाय ठेवला की घास, बसलं की घास, बसून राहिलं की थोड्या थोड्या वेळानं आणखी घास. घास हरभऱ्याच्या दाण्याएवढा. उकडलेली कोंबडीची कलेजी सगळ्यात चालते, नाहीतर उकडलेल्या अंड्याचा तुकडा. वाळक्या भाकरीवर गावठी कुत्रं घरात ऐकतं, बाहेर पक्षी दिसल्यावर ऐकत नाही. मीठ, तिखट, कांदा यातलं काही नको. कांदा कुत्र्याला बाधतो. हे घास दिवसाच्या जेवणातूनच वजा करायचे.

पोत्यावर १५-२० मिनिटं बसायला लागलं की तेच पोतं उचलून कडुनिंबाखाली न्यायचं. खरं शिकवणं इथं सुरू होतं. पक्षी उतरला की कुत्र्याकडं बघा, पक्ष्याकडं नको. आधी कान पुढं येतात, मग तोंड मिटतं, धापणं थांबतं, शेपूट हलायची थांबते, आणि त्यानंतर पुढचा एक पाय अधर उचलला जातो. घास द्यायचा तो कान पुढं येताच, पाय उचलण्याची वाट न बघता. काही आठवड्यांत कुत्रं पक्षी दिसला की आपणहून वळून तुमच्या तोंडाकडं बघायला लागतं. हेच हवं असतं. पाय उचलून झाल्यावर घास नाकाशी धरला तरी त्याला वासही येत नाही, इतकं ते तिकडं गुंतलेलं असतं. अशा वेळी ओरडू नये, दोर ओढू नये. ओढलेल्या दोरानं कुत्रं आणखी पुढं रेटतं. पोतं पाच-सहा फूट मागं घ्यायचं आणि पुन्हा सुरुवात. अंतर वाढवलं की डोकं शांत होतं, हा नियम कुत्र्याइतकाच पक्ष्यालाही लागू आहे.

पक्ष्यांपेक्षा खार अवघड. ती तुरतुर पळते, मध्येच थबकते आणि ओरडून चिडवल्यासारखं करते. खारीसाठी पक्ष्यांच्या दुप्पट अंतर धरा. वांदरांच्या टोळीवर मात्र भुंकू द्यावं. तेवढी नोकरी त्याची आहे.

बैठकीच्या आधी कुत्र्याला बांधावर फिरवून आणायचं, लघवी-शी उरकलेली असावी. न फिरवता बांधलेलं कुत्रं अर्ध्या तासात जमीन उकरायला लागतं आणि काळ्या मातीची धूळ थेट लेन्सवर येते. गळ्यात घुंगरू असेल तर तेवढ्या वेळापुरतं काढा. मार्च ते जूनच्या फेरीत कुत्रं दोरावरच ठेवा. टिटवीची अंडी उघड्या ढेकळांत असतात, माणसाला दिसत नाहीत पण कुत्र्याला सापडतात.

आता पाणी. १४ ते १६ इंच रुंदीचं मातीचं परळ, कडेला अर्धा इंच आणि मध्ये दीड-दोन इंच खोल. त्याहून खोल असलं की मैना तेवढी आंघोळ करते, शिंजीर आणि शिंपी फिरकत नाहीत. मध्ये एक खडबडीत चपटा दगड पाण्याच्या वर अर्धा इंच राहील असा ठेवायचा. परळ साडेतीन फूट उंच दगडी चवथऱ्यावर ठेवलं, म्हणजे सुटलेलं कुत्रं त्यात तोंड घालत नाही. कुत्र्याचं पाणी वेगळं, जमिनीवर, सावलीत. जवळचं झुडूप परळापासून सहा-सात फुटांवर हवं. अगदी खेटून असलं तर त्यात मांजर दबा धरतं, फार लांब असलं तर शिक्रा हा शिकारी पक्षी आल्यावर लहान पक्ष्यांना लपायला जागा राहत नाही.

नुसत्या साचलेल्या पाण्यापेक्षा टपकणारं पाणी पक्ष्यांना लांबून कळतं. मेडिकलमध्ये कोरा सलाईन सेट मिळतो. पाच लिटरची कॅन फांदीला टांगायची, बुडाशी नळी घट्ट बसवायची, झाकणाला हवेसाठी छिद्र पाडायचं आणि रोलर फिरवून सेकंदाला एक थेंब ठेवायचा. सर्वसाधारण सेटमध्ये २० थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे तासाला १८० मिली. पाच लिटर एक दिवस-रात्र पुरून उरतात. हवेचं छिद्र विसरलं की थेंब थोड्या वेळात बंद पडतो. आमच्याकडं पाण्यात क्षार जास्त असल्यानं नळीच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. आठवड्यातून एकदा नळी लिंबू पिळलेल्या पाण्यात भिजत घालायची आणि नंतर साध्या पाण्यानं धुवायची. कॅनला पोतं गुंडाळलं की पाणी तापत नाही आणि आत शेवाळही धरत नाही. परळ मात्र रोज रिकामं करून काथ्यानं घासायचं, साबण लावायचा नाही. रोज ओतून टाकलं की डासाच्या अळ्याही होत नाहीत.

खाण्याचं म्हणाल तर ज्वारीची दोन-चार कणसं टांगली की चिमण्या आणि मुनिया येतात. पिकलेली पपई किंवा पेरू आडवा कापून फांदीत खोचला की बुलबुल, तांबट, कोकिळा. शेव, चिवडा, शिळा भात नको. भातावर कावळे जमतात आणि कावळे जमले की बाकी कुणी थांबत नाही. कुत्र्याचं उष्टंही याच कारणानं लगेच उचलायचं. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: पेरणीतून उरलेलं, गुलाबी किंवा हिरवं औषध चोळलेलं बियाणं पाखरांना टाकू नका. धुवूनसुद्धा नाही. फवारणीचा कापलेला डबा पाण्याला वापरायचा नाही. थिमेटसारख्या दाणेदार औषधाची पुडी घरात असेल तर ती कुत्र्याच्या नाकापासून दूर, कुलपात.

फांदीवर लोक फार कमी वेळ घालवतात, आणि फोटो तिथंच बनतो. पक्षी पाण्यावर थेट उतरत नाही. आधी जवळच्या फांदीवर बसून चौफेर बघतो. ती फांदी आपण ठरवायची. परळापासून दीड फुटावर, त्याहून थोडी उंच, लोखंडी सळईला तारेनं बांधलेली. शिंजीर, शिंपी यांना पेन्सिलीएवढी, बुलबुल-दयाळाला अंगठ्याएवढी. बाभळीची काटेरी फांदी फोटोत छान दिसते, पळसाची सुकी फांदी त्याहून छान. जवळ दुसरी बसायची जागा ठेवायची नाही, नाहीतर पक्षी नेमका टिनावर किंवा कपडे वाळवायच्या तारेवर बसतो. फांदी आडवी, पण कॅमेऱ्याच्या दिशेनं थोडी तिरकी हवी. पक्षी फांदीला काटकोनात बसतो, त्यामुळं ती कॅमेऱ्याला समांतर असली तर तो तुमच्याकडं तोंड किंवा पाठ करून बसतो आणि चोच स्पष्ट आली तर शेपूट धूसर. फांदीवर शिटेचे पांढरे ओघळ आले की ती फिरवायची.

माझ्याकडं साधा डीएसएलआर आणि ५५-२५० मिमीची लेन्स आहे. महागडी लेन्स नाही म्हणून अडत नाही, अंतर कमी करायचं. १२ फुटांवरून २५० मिमीला चौकटीत जेमतेम १३ इंच रुंदीचा भाग येतो. बुलबुल ८ इंचांचा, म्हणजे नीट भरतो. शिंजीर ४ इंचांचा, फोटो थोडा कापून घ्यावा लागतो. भारद्वाज १९ इंचांचा, तो आला तर झूम मागं घ्या. एवढ्या जवळून एफ ५.६ ला (हा लेन्सच्या उघडीपीचा आकडा) स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागं स्पष्ट येणारा भाग, दोन इंचांच्या आतच असते, त्यामुळं फोकसचा एकच ठिपका निवडून तो डोळ्यावरच ठेवायचा. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० सेकंद, आंघोळ करणाऱ्या मैनेला १/२००० किंवा त्याहून जलद. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ३२००. कोतवालासारखा काळा पक्षी असेल तर एक्सपोजर (फोटोतला उजेड) पाऊण स्टॉप, म्हणजे त्याच्या मापाची पाऊण पायरी, वाढवायचं. दयाळाच्या पांढऱ्या पट्ट्यावर ऊन असेल तर तेवढंच कमी करायचं, नाहीतर त्या पांढऱ्यात एकही पीस दिसत नाही. फांदीच्या मागं २० फूट मोकळं असलं की कुंपण विरघळून सपाट रंग होतो.

कॅमेरा घेऊन मी लपतो तो आडोसा तुराट्यांच्या (तुरीच्या वाळक्या काड्यांच्या) ताटीचा. पऱ्हाटीही (कपाशीच्या वाळक्या काड्या) चालली असती, पण कापूस संपल्यावर पऱ्हाट्या साठवून ठेवल्या की गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. ताटीच्या आतून हिरवी नेट, खाली विटा दाबून. वाऱ्यावर फडफडणारी नेट कुत्र्यापेक्षा जास्त पक्षी उडवते. खिडकी ६ इंच बाय ८ इंच, पाटावर बसल्यावर लेन्स येते त्या उंचीला. लेन्सचं तोंड खिडकीच्या आतच राहिलं पाहिजे. सकाळी पाठ सूर्याकडं हवी. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, मे महिन्यात ईशान्येकडून, म्हणून मी ताटी पक्की न रोवता सरकती ठेवली. शटरच्या आवाजाची सवय कुत्र्याला आधीच सपरीत लावायची: खट्‌ झालं की घास.

एप्रिल-मेमध्ये नऊनंतर जमिनीतून झळा निघतात आणि लांबचे फोटो पाण्याखालून काढल्यासारखे येतात. कॅमेऱ्यात दोष नसतो, हवाच हलत असते. फोटो सकाळी साडेसहा ते साडेआठ, मग थेट पाचनंतर. मधल्या वेळात पाणी भरून ठेवायचं, पण कुत्र्याला सांदवाडीत बांधायचं नाही. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) सावलीतही नाही. जीभ लांब आणि गडद लाल, लाळ घट्ट, चाल डगमगती दिसली की लगेच आत आणून पोट, काखा, पंजे साध्या पाण्यानं भिजवायचे, पंख्याखाली ठेवायचं आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन करायचा.

गोचीड उन्हाळ्याच्या शेवटापासून वाढतात. मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांकडून वजन सांगूनच घ्यावं. ते टाकल्यावर विंचरून निघालेले केस बाहेर सोडू नका. बुलबुलासारखे पक्षी घरट्याच्या अस्तराला केस उचलतात, आणि औषध त्यासोबत पिल्लांपर्यंत जातं. केस कागदात गुंडाळून कचऱ्यात.

मृग बरसला की परळाला गिऱ्हाईक राहत नाही, जागोजागी पाणी असतं. तेव्हा सलाईन सेट धुवून वाळवून ठेवायचा आणि विहिरीवरच्या बाभळीकडं वळायचं, तिथं सुगरणीचे नर खोपे विणायला घेतात. घरटं पानांआड असेल तर पानं बाजूला करायची नाहीत. आडोसा गेला की कावळा आणि टकाचोर पहिले पोचतात. कुत्रं तेव्हा घरीच. कॅमेरा पावसाळ्यात कापडी बॅगेत ठेवला की लेन्सच्या आत बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल ठेवा आणि रंग उतरला की ती गरम करून पुन्हा वापरा. त्यासाठी स्वयंपाकाचा तवा घेऊ नका, वेगळं फुटकं पातेलं ठेवा.