ड्रायव्हरचा काय दोष

मावसभावाचा फोन आला, रात्री साडेदहाला. "दादा, गेम परत मेला." म्हणजे काय तर सुरुवातीला 60 एफपीएस (सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे चित्रं) मस्त मिळतात आणि दहा-बारा मिनिटांनी धाडकन 22. त्याचं निदान तयारच होतं, ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं काढणारं कार्ड, चालवणारं सॉफ्टवेअर) खराब. आणि मीपण शहाणा, हो म्हणालो, कारण आपल्याकडं गेम अडकला की ड्रायव्हरचं नाव आणि दूध सांडलं की मांजराचं.

रविवारी सांगलीला गेलो. मार्केट यार्डाजवळ घर, खाली काकांचं हळदीचं गोडाऊन, वर हे राहतात. गेल्या गेल्या इंटरनेटची वायर काढली (नाहीतर विंडोज मधेच आपल्या मनानं दुसरा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं), सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी गरजेपुरतं चालू करून) जाऊन डीडीयू नावाच्या ड्रायव्हर काढायच्या सॉफ्टवेअरनं जुना ड्रायव्हर मुळापासनं उपटला, आधीच उतरवून ठेवलेला नवीन टाकला, पाऊण तास गेला ह्यात. गेम लावला, 60. दोघंपण खूश. चहा आला, भडंग आलं, आणि भडंगाची वाटी संपायच्या आत परत 22.

तेव्हा कुठं डोकं चाललं. 60 ला एक फ्रेम काढायला 16.7 मिलिसेकंद लागतात, 22 ला तीच फ्रेम 45 घेते, म्हणजे कार्ड काम करतंय पण दमलंय. आणि ड्रायव्हर बिघडला असता तर शक्यतो पहिल्या मिनिटापासनं रडला असता, इथं दर वेळी दहा मिनिटं नीट चालून मग पडतंय, म्हणजे काहीतरी तापतंय की लेका! हे फोनवरच विचारायला पाहिजे होतं, पेट्रोल तरी वाचलं असतं.

आफ्टरबर्नर (कार्डाचं तापमान, वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे लावले. तापमान 60, 70, 78, मग 84 ला जाऊन बसलं आणि त्याच क्षणी क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, 1700 वरनं 700 मेगाहर्ट्झला. कार्ड स्वतःला जाळून घ्यायचं नाही म्हणून वेग कमी करतं, त्यात त्याची काहीच चूक नाही.

कॅबिनेटचं झाकण काढलं आणि दोघंपण गप्प. आत सगळं पिवळं. खाली पोती हलली, हळद पॉलिशला गेली की जी धूळ उडते ती सगळी वर हे कॅबिनेट ओढत होतं, दोन वर्षं. हीटसिंकच्या (कार्डाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांत पिवळी गादीच तयार झालेली आणि दोनातला एक पंखा तर फिरतच नव्हता, कड्याला केस अन् धूळ गुंडाळून चिकटलेला.

भाऊ म्हणाला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं नेऊया, हवा मारतो तो. नको म्हटलं बाबा, त्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं. गोडाऊनमधला हातातला ब्लोअर आणला, रंगाचा कोरा ब्रश घेतला. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, मोकळा सोडला की भन्नाट फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते.

परत लावलं. अर्धा तास खेळला, तापमान 69 च्या वर गेलं नाही, एफपीएस 60. फक्त सुरुवातीला दोन-तीन मिनिटं झटके बसले तर ह्याचा चेहरा पडला, पण ते माझंच पाप. ड्रायव्हर उपटला तेव्हा साठवलेले शेडरपण (चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) गेले, गेम ते परत बनवत होता. एकदा बनले की झालं. म्हणजे सकाळचा पाऊण तास वाया तर गेलाच, वर हे फुकटचे झटके.

कॅबिनेट आता जमिनीवरनं उचलून टेबलावर ठेवलंय आणि पुढं जाळीचा फिल्टर लावलाय, तो दर पंधरा दिवसांनी झटकायचा असं ठरलंय. झटकेल का नाही देव जाणे.

हात धुवायला गेलो तर बोटं, नखं, शर्टाची बाही सगळं पिवळं. मावशीनं दोघांकडं वरनं खालपर्यंत बघितलं. "कुणाच्या हळदीला गेल्तासा रं?"