तुम्ही विचारलंत म्हणून : स्वस्तातली एसयूव्ही किती वर्षे टिकते?

ओळखीत कोणी गाडी घ्यायला निघाले की मला हमखास फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो : "१२ वर्षे झाली, दीड लाख किलोमीटर झाले, तरी तुमच्या त्या स्वस्तातल्या एसयूव्हीने अजून दगा कसा दिला नाही?" दगा तिने दिलेला आहे, कुठे आणि कशामुळे, ते सांगतो. कंपनीचे नाव मात्र घेणार नाही, कारण नाव आले की लोक बाजू घेऊन भांडतात आणि कामाची गोष्ट राहून जाते.

गाडी २०१३ सालची, दीड लिटर डिझेलची. आम्ही साताऱ्याचे, सासुरवाडी चिपळूणची. त्यामुळे उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरणे वर्षातून आठ-दहा वेळा ठरलेले. एवढ्या काळात इंजिन एकदाही उघडावे लागले नाही. जे गेले ते बहुतेक सगळे रबर होते. ५० हजार किलोमीटरच्या आत लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश वाजू लागले, ९० हजार किलोमीटरला इंजिनाची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकते ती रबरे, बसली आणि सिग्नलला उभे असताना स्टिअरिंग थरथरू लागले, तर आठव्या वर्षी ऐन घाटात, मागे मुले झोपलेली असताना, कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, होज (रबरी नळी) फुटला. बाहेरून तो धडधाकट दिसत होता. हाताने दाबला असता तर फुगीर आणि मऊ लागला असता, पण तो दाबून पाहायचा असतो हे मला ठाऊक नव्हते. त्यापूर्वी दोन वर्षे मी कूलंटच्या टाकीत बोअरचे पाणी ओतत होतो, हेही कबूल करतो. अशा पाण्याने कूलंटमधले गंजरोधक घटक विरळ होतात आणि क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतो.

माझ्या गाडीसारख्या अनेक गाड्यांत व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या टायमिंग चेनऐवजी बेल्ट असतो, आणि तोही रबराचाच. तो किलोमीटर किंवा वर्षे, यांपैकी जे आधी भरेल त्यावर बदलायचा असतो. गाडी कमी चालली म्हणून तो तरुण राहत नाही. असा बेल्ट चालत्या गाडीत तुटला की बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. मी टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंपही त्याच वेळी बदलून घेतला, कारण तिथवर पोहोचण्याची मजुरीच मोठी असते. ब्रेक ऑइलचेही तसेच : ते हवेतला ओलावा शोषते, उकळण्याचे तापमान खाली येते आणि लांब उतारावर, नेमकी गरज असताना, पेडल पोकळ लागते. दर दोन वर्षांनी ते बदलायला लागणारे पैसे आमच्या एका वेळच्या हॉटेलच्या बिलाहून कमी आहेत.

पुढचा प्रश्न असतो, आता डिझेलच घ्यावी का? माझ्या गाडीच्या अनुभवावरून तुम्ही ठरवू नये. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले, दीड लिटरच्या आसपासची कितीतरी ओळखीची डिझेल इंजिने बाजारातून गेली, आणि जी राहिली त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारे फिल्टर आले. ही काजळी जळून जायला धूर पुरेसा तापावा लागतो, म्हणजे गाडी सलग काही वेळ बऱ्या वेगाने पळावी लागते. शाळा, मंडई आणि घर एवढ्याच चार किलोमीटरांत फिरणाऱ्याने डिझेल घेऊ नये. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची गाडी त्याला अधिक वर्षे सुखाने साथ देईल.

नाशिकला बनणारी बोलेरो २००० सालापासून का टिकून आहे, याचे उत्तर मला तिच्या साधेपणात दिसते : शिडीसारखी चासी (खालचा सांगाडा), मागे पाट्यांचे स्प्रिंग आणि तालुक्याच्या गावीही मिळणारे सुटे भाग. बसायला ती मला मुळीच आवडत नाही, हा भाग वेगळा.

माझ्या आरसीची (गाडीच्या नोंदणीची) १५ वर्षे २०२८ मध्ये भरतील. मग फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांचे नूतनीकरण. इंजिन त्यात अडणार नाही असे वाटते. दारांच्या तळाशी असलेली पाणी निथळायची भोके चिखलाने बुजून पत्रा आतून गंजू लागला आहे, काळजी त्या गंजाची आहे. म्हणून दर पावसाळ्याआधी झाडूची काडी घेऊन मी ती भोके मोकळी करत बसतो.