रिकामे पोर्ट आणि दोन मिनिटांचा खोळंबा

काही दिवसांपूर्वी मेमरी वाढवण्यासाठी आमच्या कार्यालयातील एक उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर बंद करावा लागला. मेमरी बसवण्याचे काम पटकन झाले, परंतु सर्व्हर पुन्हा सुरू होताना नेटवर्कची जुळणी पूर्ण होण्याची वाट पाहत असल्याची ओळ पडद्यावर आली आणि तिच्याशेजारच्या लाल तारका मागेपुढे सरकत राहिल्या. दोन मिनिटांनी ती ओळ आपोआप गेली, सर्व्हर सुरू झाला आणि नेटवर्कही व्यवस्थित चालू होते. मग ही वाट नेमकी कोणाची पाहिली जात होती, हा प्रश्न उरला.

सर्व्हरच्या मागे नेटवर्कची केबल लावण्याची चार पोर्ट आहेत आणि केबल फक्त पहिल्यात आहे. मात्र दोन वर्षांपूर्वी सर्व्हर बसवताना मी तात्पुरती केबल दुसऱ्या पोर्टात लावली होती. ती नंतर काढली, पण नेटप्लॅनच्या, म्हणजे उबुंटूत नेटवर्कची जुळणी ठरवणाऱ्या साधनाच्या, फाइलीत त्या पोर्टाची, म्हणजे ईएनओ२ची, नोंद ‘पत्ता डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) घ्यावा’ अशीच राहिली. लिनक्स सुरू होताना सर्व सेवा चालू करणाऱ्या सिस्टमडीमध्ये नेटवर्क तयार होईपर्यंत थांबणारी एक वेगळी सेवा असते. सिस्टमडीच्या नेटवर्क-व्यवस्थेच्या ताब्यातील ज्या इंटरफेसना (लिनक्सला दिसणाऱ्या पोर्टांना) सूट दिलेली नाही, ते सर्व तयार होईपर्यंत ती थांबते, आणि तिची मूळ मर्यादा १२० सेकंदांची असते. केबलच नसलेल्या पोर्टाला पत्ता मिळणार कुठून? तेव्हा प्रत्येक रिबूटला दोन मिनिटे ठरलेलीच होती. सर्व्हर क्वचितच बंद होत असल्यामुळे ती इतके दिवस कोणाच्या लक्षात आली नव्हती.

या तक्रारीवर इंटरनेटवर सर्वाधिक आढळणारा सल्ला म्हणजे ती थांबणारी सेवाच कायमची बंद करून टाकणे. मला तो मान्य नाही. दुसऱ्या यंत्रावरील फोल्डर नेटवर्कवरून (एनएफएसने) जोडणे किंवा ठरावीक पत्त्यावरच ऐकणारा, म्हणजे विनंत्या घेणारा, डेटाबेस सुरू करणे, अशी कामे नेटवर्क तयार झाल्याच्या खुणेवर अवलंबून असतात. ती खूणच खोटी ठरली, तर सर्व्हर लवकर सुरू होतो खरा, पण डेटाबेस कधी चालतो आणि कधी चालत नाही, आणि असा अधूनमधून होणारा बिघाड शोधणे अधिक जिकिरीचे असते. दोष वाट पाहणाऱ्याचा नसून चुकीच्या फाइलीचा आहे.

पोर्ट बंद करण्याआधी ते खरोखरच वापरात नाही, याची खात्री करण्यात मी सर्वाधिक वेळ घालवला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. (या लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्याव्या लागतात.) ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिल्यावर ईएनओ२पुढे ‘नो-कॅरिअर’ दिसले, म्हणजे पलीकडून सिग्नल नाही. मात्र ‘यातून डेटा जात नाही, म्हणजे हे रिकामे’ हा निष्कर्ष धोक्याचा आहे. दोन पोर्ट एकत्र बांधून त्यांपैकी एक राखीव ठेवण्याची पद्धत, म्हणजेच बाँडिंग, जिथे असते, तिथे राखीव पोर्टातून बाहेर गेलेल्या डेटाचे आकडे महिनोन्‌महिने जवळजवळ हलत नाहीत. ते पोर्ट त्याच दिवसासाठी असते, ज्या दिवशी पहिली केबल निकामी होते. आज्ञेच्या उत्तरात त्या पोर्टापुढे ‘मास्टर बाँड०’ असे काही लिहिलेले असेल, तर हात लावू नये. दुसरी गोष्ट म्हणजे कित्येक सर्व्हरांत दूरस्थ देखभालीची चिप स्वतःचे वेगळे पोर्ट न वापरता एखाद्या सामान्य पोर्टातूनच बाहेर बोलते. हे बोलणे लिनक्सच्या नजरेआड चालते. त्यामुळे लिनक्सला रिकामे भासणाऱ्या पोर्टाची केबल काढली, तर आणीबाणीच्या वेळी ज्या वाटेने सर्व्हरपर्यंत पोहोचायचे, तीच वाट बंद होऊ शकते.

कोणते नाव कोणत्या पोर्टाचे, हा प्रश्न ‘ईथटूल’ ही आज्ञा सोडवते: ‘पी’ हा पर्याय दिला की त्या पोर्टाचा दिवा लुकलुकू लागतो. सिस्टमडीच्या १९७व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३पासून, ही नावे हार्डवेअरच्या जागेवरून पडतात: मदरबोर्डवरच्या पोर्टांची ईएनओ१, ईएनओ२ अशी आणि पीसीआयवरील (मदरबोर्डच्या खाचांत बसवलेल्या) कार्डांची ईएनपी३एस० अशी. त्याआधीच्या ईटीएच० आणि ईटीएच१ यांची अदलाबदल होत असे, तशी यांची होत नाही, असे आपण समजून चालतो. मीही तसेच समजून एकदा दुसऱ्या एका सर्व्हरवरील न वापरलेले कार्ड थेट बायॉसमधून (यंत्राच्या मूळ सेटिंगांतून) बंद केले होते. ते कार्ड मोजणीतून गेल्यावर पुढच्या पीसीआय क्रमांकांची फेरमांडणी झाली, चालू पोर्टाचे नाव ईएनपी४एस०ऐवजी ईएनपी३एस० झाले, आणि जुन्या नावाने लिहिलेली सारी जुळणी निरर्थक ठरली. सर्व्हर शहराच्या दुसऱ्या टोकाला होता, त्यामुळे ती दुपार बसमध्ये गेली. बायॉसमधून बंद करणे हा सर्वांत पक्का उपाय मानला जातो आणि तो पक्का आहेही. मात्र कीबोर्ड आणि पडदा समोर असल्याशिवाय मी आता त्या वाटेला जात नाही.

सर्वांत सोपी आज्ञा ‘आयपी लिंक सेट ईएनओ२ डाउन’ ही होय. ती क्षणात काम करते, पण तिचा परिणाम पुढच्या रिबूटपर्यंतच टिकतो. फाइलीतून ईएनओ२ची नोंद पुसून टाकणे हा दुसरा मार्ग. त्याने खोळंबा निश्चित संपतो, कारण मग ते पोर्ट व्यवस्थेच्या ताब्यातच राहत नाही. तथापि ताब्यात नसणे आणि बंद असणे यांत अंतर आहे. उद्या एखाद्या प्रोग्रामने किंवा माणसाने तो इंटरफेस वर उचलला आणि त्यात केबल असली, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला एफई८०ने सुरू होणारा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा) पत्ता कोणालाही न विचारता देतो; त्या नेटवर्कातील राउटर आपली घोषणा करत असेल, तर बाहेर पोहोचणारा पत्ताही मिळतो. जी सेवा सर्व पत्त्यांवर ऐकत असते, ती या पत्त्यावरही उत्तर देऊ लागते, आणि फायरवॉलचे नियम केवळ जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४साठी लिहिलेले असतील, तर तिला अडवणारे कोणी नसते. शिवाय लिनक्स पत्ता हा एका पोर्टाचा न मानता संपूर्ण यंत्राचा मानते. त्यामुळे दोन्ही पोर्ट एकाच नेटवर्कात असतील, तर पहिल्याच्या पत्त्याविषयीच्या एआरपी चौकशीला (‘हा पत्ता कोणाचा?’ या नेटवर्कातील हाकेला) दुसरे पोर्टही उत्तर देते. या गोष्टीने गोंधळलेले स्विच (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारे यंत्र) आणि त्यांहून गोंधळलेली माणसे मी पाहिली आहेत.

म्हणून मी नोंद पुसली नाही, तर बदलली. डीएचसीपीची ओळ काढली आणि तिच्या जागी ‘ॲक्टिव्हेशन-मोड’ हा पर्याय ‘ऑफ’ असा लिहिला. त्यामुळे ते पोर्ट सदैव बंद ठेवले जाते आणि सुरू होताना त्याची वाटही पाहिली जात नाही. पोर्टात कधीमधी केबल लागणार असेल, तर नुसते ‘ऑप्शनल’ पुरेसे आहे. तेव्हा पोर्ट चालू राहते, फक्त त्याच्यासाठी खोळंबा होत नाही. नोंद राखण्याचे आणखी एक कारण असे की, पुढे ही फाइल उघडणाऱ्याला हे पोर्ट विसरलेले नसून जाणीवपूर्वक बंद केलेले आहे, हे कळावे. त्या ओळीवर मी तारीख आणि कारणही टिप्पणी म्हणून लिहिले. क्लाउड-इनिट (यंत्राची पहिली जुळणी आपोआप करणारा प्रोग्राम) असलेल्या यंत्रावर ही फाइल त्याने निर्माण केलेली असू शकते आणि ती पुन्हा लिहिली जाऊ शकते, एवढे आधी तपासावे.

बदल लागू करताना मी ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरतो. आपण होकार दिला नाही, तर जुनी जुळणी ती आपोआप परत आणते, आणि गंमत म्हणजे तिची मुदतही १२० सेकंदांचीच आहे. लिनक्सच्या रेड हॅट घराण्यात नेटवर्क जुळवण्याचे काम नेटवर्कमॅनेजरकडे असते. तिथे एखाद्या पोर्टासाठी प्रोफाइल नसेल, तर तो स्वतःच एक तयार करून पत्ता मिळवू पाहू शकतो, म्हणून तिथे ते पोर्ट ‘अनमॅनेज्ड’ यादीत घालणे मला बरे वाटते.

रिबूट केल्यावर तारका दिसल्या नाहीत. खात्रीसाठी ईएनओ२मध्ये केबल लावून पाहिली, तेव्हा लिनक्स पोर्ट बंद असल्याचे सांगत होते, पण मागचा हिरवा दिवा पेटलेला होता आणि स्विचलाही जोडणी चालू दिसत होती. काही कार्डे लिनक्सने इंटरफेस बंद केल्यावरही विजेच्या पातळीवरची जोडणी सोडत नाहीत. इंटेलच्या एक्स७१० मालिकेत तर त्यासाठी ईथटूलमधून चालू करावा लागणारा खास पर्याय आहे. माझ्या कार्डात तसा पर्याय सापडला नाही. केबल काढली, भिंतीवरच्या ज्या सॉकेटमध्ये तिचे दुसरे टोक होते त्याचे स्विचवरील पोर्ट तिथूनच बंद केले, आणि ईएनओ२च्या तोंडात धूळ अडवणारे रबरी बूच बसवले.