करवतीनं मोडलेली पक्कड

पक्कडीचं तुटलेलं टोक वर्तमानपत्राच्या पुडीत वेगळं बांधून आलं होतं. सोबत बाकीचं हत्यार होतं आणि चिठ्ठी नव्हती.

मी नाशिकच्या एमआयडीसीत हातहत्यारं बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला आहे. तेव्हा आमचं खिशात मावणाऱ्या मल्टिटूलवर काम चालू होतं. घडी घातली की वीतभरही नाही, उघडलं की पक्कड, आणि दोन्ही मुठींत मिळून चाकू, करवत, कानस, स्क्रू ड्रायव्हर वगैरे. पक्कडीसकट एकूण चौदा हत्यारं. चाचणीसाठी पंधरा नग टूलरूममध्ये हातानं बनवून पंधरा जणांना वापरायला दिले होते. त्यात वायरमन होते, गॅरेजवाले होते, मांडव-साउंडचं काम करणारा एक मुलगा होता, ट्रेकिंगवाले दोघे होते आणि सिन्नरकडचे एक पंप-मोटार दुरुस्त करणारे मिस्त्री होते. चार महिन्यांनी मोडून परत आलेला हा पहिला नग त्या मिस्त्रींचा.

टोक मोडल्याचं मला तेवढं वाटलं नाही. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. एका मुठीवर सायकलची ट्यूब चढवून तांब्याच्या तारेनं आवळली होती. त्या मुठीत करवत, आरी, डबा उघडायचं पातं आणि बाटली ओपनर होते. ट्यूबमुळे त्यातलं एकही उघडत नव्हतं. एकेका पोकळीसाठी मी दशांश मिलिमीटरवर भांडले होते, आणि या माणसानं अर्धं हत्यार रबराखाली गाडून टाकलं होतं.

लॅबमध्ये कडकपणा तपासला. रॉकवेल सी 52 निघाला. ड्रॉइंगवर 50 ते 53 लिहिलेलं, म्हणजे हार्डनिंग बरोबर होतं. तुटलेला भाग भिंगाखाली करडा, दाणेदार दिसत होता. वाकून, ताणून तुटलेला नव्हता, काचेसारखा एकदम गेलेला. टोकाच्या दातांवर आडवे ओरखडे होते. म्हणजे टोकात काहीतरी धरून पिळलं होतं. नोज प्लायरचं टोक दाबायला असतं, पिळायला नसतं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘चुकीचा वापर’, आणि सही केली.

आमच्या सरांनी रिपोर्ट वाचला आणि एवढंच विचारलं, “टोकानं काय पिळत होते, ते विचारलंस का?”

नव्हतं विचारलं.

पुढचं नीट कळायला या पक्कडीचं थोडं गणित सांगायला हवं. नेहमीच्या आठ इंची पक्कडीची मूठ खिळीपासून, म्हणजे जबडे जिच्यावर फिरतात त्या मधल्या पिनेपासून, साधारण दीडशे मिलिमीटर लांब असते. तार कापायची धार खिळीपासून बारा मिलिमीटरवर धरली, तर हातानं वीस किलोचा जोर लावला की धारेवर अडीचशे किलो पडतो. घडीच्या हत्यारात पक्कडीचं डोकं मुठीतच झोपवायचं असतं आणि मूठ खिशात मावली पाहिजे, म्हणून आमच्या मुठीचा जोर नव्वद मिलिमीटरवरच संपत होता. तेवढ्याच हातानं धारेवर दीडशे किलो. लांब टोकाशी, पस्तीस मिलिमीटरवर, जेमतेम पन्नास. ही तूट कशानं तरी भरून काढायची म्हणून धार कडक ठेवायची, तारेत पटकन घुसेल अशी. पण धार आणि टोक एकाच तुकड्यातले. धार कडक करायला गेलं की टोकही कडक होतं, आणि कडक म्हणजे ठिसूळ. काही परदेशी कंपन्यांनी, लेदरमनसारख्यांनी, कटर वेगळे केले आहेत, छोट्या स्क्रूंवर बसवलेले, झिजले की बदलायचे. तो मार्ग चांगला आहे, पण त्यासाठी जबड्यातून धातू कोरून काढावा लागतो, भोकं पाडावी लागतात आणि किंमत चढते. आम्ही तो सोडून सगळाच जबडा कडक केला होता. तो निर्णय माझा होता.

मिस्त्रींना फोन केला. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. “दिवसा येऊन काय बघणार, ताई? या आठवड्यात रातची लाईट आहे. मोटारी रातीच बंद पडत्यात,” ते म्हणाले. म्हणून जानेवारीतल्या एका रात्री साडेदहाला मी आणि आमचे ड्रायव्हर काका सिन्नर तालुक्यातल्या एका वस्तीवर पोचलो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. शेतकऱ्याचा उन्हाळ कांदा नुकताच लावलेला, पाण्याची पाळी आलेली, आणि मोटार नुसती घुं घुं करून रिले पडत होता. बिबट्याच्या भीतीनं घरातली दोन पोरं हातात काठ्या घेऊन बांधावर उभी होती. या भागात ती भीती खरी आहे.

तात्यांनी मेन स्विच पाडला. तिन्ही फेज टेस्टरनं एकेक करून बघितले, मग पत्र्याच्या पेटीतला स्टार्टर उघडला. गळ्यात अडकवलेली बॅटरी त्यांनी दातांत धरली. एका फेजचं टर्मिनल काळं पडलेलं, तारेचं आवरण वितळून टणक झालेलं. सैल स्क्रूचा हा नेहमीचा खेळ असतो. स्क्रू सैल, म्हणून तिथे ताप, तापानं तार करपते, फेज जातो आणि मोटार दोन फेजवर कण्हत बसते.

मी दुसरा नग घेऊन गेले होते. तोच त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “तात्या, नेहमी करता तसंच करा. मी नुसती बघते.”

पहिली अडचण उघडण्यातच आली. आमची सगळी पाती नखानं ओढून उघडायची होती. एसी लॅबमध्ये बसून मी ती शेकडो वेळा उघडली होती. इथे तात्यांची बोटं थंडीनं आखडलेली, ओली, नखं कामानं झिजून गेलेली. त्यांनी बॅटरी तोंडातून काढली, पातं दातांत धरून ओढलं आणि बॅटरी पुन्हा तोंडात घातली. त्या पात्यापासून तीन मिलिमीटरवर चाकू होता.

मग स्क्रू ड्रायव्हर. टर्मिनलचा स्क्रू पेटीच्या बाजूच्या पत्र्याला अगदी लागून, आत खोल. साध्या स्क्रू ड्रायव्हरची दांडी सहा मिलिमीटर जाडीची असते, ती सरळ आत जाते. आमचा ड्रायव्हर मुठीच्या बाहेर फक्त बत्तीस मिलिमीटर यायचा, आणि त्याच्यामागे सव्वीस मिलिमीटर रुंदीची अख्खी मूठ. टोक स्क्रूच्या खाचेत बसण्याआधीच मुठीचा खांदा पत्र्याला टेकला. त्यातून तो ड्रायव्हर मुठीच्या मधोमध नव्हता, एका कडेला होता. त्यामुळे फिरवताना हात नुसता वळत नव्हता, स्क्रूभोवती गोल हिंडत होता. तात्यांनी तिरका धरून जोर लावला. टोक घसरलं. परत लावला, परत घसरलं. तिसऱ्या वेळी खाचेची कड गेली, हे मला बॅटरीच्या उजेडात स्वच्छ दिसलं.

“आता बघा,” ते म्हणाले. त्यांनी हत्यार उलटं केलं, पक्कड उघडली, नोजच्या टोकात स्क्रूचं डोकं धरलं आणि पिळायला लागले.

मी ओरडलेच, “थांबा तात्या! तुटेल.”

“तेच तर झालं मागच्या टायमाला.”

मी तिथेच एका दगडावर बसले. स्क्रू ड्रायव्हर पोचत नव्हता, म्हणून त्यांनी टोकानं पिळलं होतं. मग ड्रायव्हर आखूड का होता? मुठीतल्या लांब पोकळ्या दोनच, आणि त्यातली एक मी करवतीला दिली होती, सत्तर मिलिमीटर. ड्रायव्हरला मिळाली ती उरलेली अर्धी पोकळी. करवत का घेतली होती? ट्रेकिंगवाल्या गिऱ्हाइकाला आवडते, आणि खोक्यावर ‘14 इन 1’ लिहिता येतं म्हणून. तात्यांनी चार महिन्यांत ती करवत एकदाही उघडली नव्हती. तरी त्यांची पक्कड करवतीनंच मोडली होती. ‘चुकीचा वापर’ या दोन शब्दांखाली माझी सही होती.

तेवढ्यात घरातल्या काकूंनी चहा आणला. चहा पिता पिता मी ट्यूबचं विचारलं. मला वाटत होतं, करंट लागू नये म्हणून चढवली असेल. तसं असेल तर ते धोक्याचं आहे, हे सांगायचंच ठरवून मी गेले होते. काळ्या रबरात कार्बन असतो, त्याच्यावर जिवाचा भरवसा ठेवायचा नसतो. आणि एक मूठ झाकून काही होत नाही, कारण असं हत्यार या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध धातू असतं. इन्सुलेटेड पक्कडीवर 1000 व्होल्टची खूण आणि दोन त्रिकोण असतात. तसं जाड, अखंड आवरण घडीच्या मुठीवर बसवायचं तर पाती बाहेर यायला वाट उरत नाही. घडीची सोय आणि करंटपासून बचाव, ही दोन्ही एका मुठीत देता येत नाहीत.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. “ते म्हाईत आहे, ताई. चालू लाईनला मी हे लावतच नाय. ट्यूब घातली ती टोचायचं म्हणून.” आणि त्यांनी उजवा तळवा बॅटरीच्या उजेडात धरला. घट्टे पडलेल्या त्या हातावरही दोन समांतर लाल रेघा उठल्या होत्या.

मी हत्यार घेतलं, तिथे पडलेल्या कुंपणाच्या तारेचा तुकडा धारेत धरला आणि दोन्ही हातांनी दाबलं. तार तुटली. माझ्या तळव्यावर तशाच दोन रेघा, आणखी खोल.

मूठ म्हणजे पत्रा वाकवून केलेली पन्हळ. पक्कड उघडली की पन्हळीचं तोंड बाहेर, तळव्याकडे येतं, आणि सगळा जोर पत्र्याच्या दोन कडांवर पडतो. हा दोष नवा नाही, हेच मला जास्त लागलं. टिम लेदरमन नावाचे अमेरिकन इंजिनिअर 1975 साली जुन्या फियाट गाडीतून युरोप फिरले. गाडी सारखी बिघडायची आणि खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती, म्हणून त्यांनी हे हत्यार स्वतःच घडवायला घेतलं. 1983 साली त्यांचं पहिलं मॉडेल विक्रीला आलं. त्याच्या मुठी दाबताना हाताला टोचतात, ही वापरणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. ते मॉडेल माझ्या टेबलावर आहे. नव्या मुलांना मी ते दाखवते आणि मुठीच्या कडांबद्दल सांगते. आणि माझ्याच ड्रॉइंगमध्ये तीच कड, तशीच.

त्या रात्री तात्यांनी शेवटी पिशवीतून पिवळ्या मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, करपलेली तार मागे कापली, सोलली, नवा स्क्रू घालून आवळला. साडेअकराला मोटार चालू झाली. पाइपातून आधी हवा फुसफुसली, मग पाणी आलं, आणि पोरं काठ्या टाकून खोरी घेऊन पळाली.

सोमवारी मी आधीचा रिपोर्ट रद्द करायला लावला आणि नवा लिहिला. करवत काढायची म्हटल्यावर विक्रीच्या लोकांशी तीन बैठका झाल्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. काउंटरवर गिऱ्हाईक पाती मोजतं, तळवा दुखतो की नाही हे घरी गेल्यावर कळतं. मी तिसऱ्या बैठकीला तारेचा तुकडा आणि जुना नग घेऊन गेले आणि प्रत्येकाला एकेकदा तार कापायला लावली. चौदाची नऊ हत्यारं झाली. करवत, डबा उघडायचं पातं, आरी, बाटली ओपनर आणि दुसरं छोटं पातं गेलं. करवतीची लांब पोकळी स्क्रू ड्रायव्हरला मिळाली. मोकळी झालेली जाडी आम्ही पत्र्याच्या कडा आत गोल वळवण्यात खर्च केली. जबडा रॉकवेल 46 पर्यंत मऊ केला आणि कापायची धार तेवढी इंडक्शननं, म्हणजे विजेच्या कॉइलनं तेवढाच भाग तापवून, वेगळी कडक केली. त्यानं एक प्रक्रिया वाढली आणि खर्चही. नखाच्या खाचेऐवजी पात्याला अंगठ्यानं ढकलता येईल असा कंगोरा दिला. वजन 245 ग्रॅमवरून 205 वर आलं. मुठीच्या शेवटी दोरीसाठी भोक पाडलं, कारण तात्यांचा निम्मा दिवस विहिरीच्या कठड्यावर जातो.

ट्रेकिंगवाल्या दोघांनी करवत गेल्याबद्दल खरोखर नाराजी कळवली. त्यांच्या दृष्टीनं हत्यार आधीच्यापेक्षा वाईट झालं होतं, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मार्चमध्ये नवा नग घेऊन मी पुन्हा वस्तीवर गेले. या वेळी दिवसा. तात्यांनी तो हातात तोलला, अंगठ्यानं पातं उघडलं, मिटलं. मग खाली पडलेली बाइंडिंगची तार दुहेरी करून धारेत धरली आणि दात आवळून दाबली. हत्यार काखेत धरून त्यांनी उजवा तळवा आधी स्वतः बघितला, मग माझ्यापुढे धरला.

रेघा नव्हत्या.

मग ते स्टार्टरच्या पेटीकडे वळले. लांब झालेला ड्रायव्हर बाहेरच्या टर्मिनलांना नीट बसला, एकदाही घसरला नाही. पत्र्यालगतच्या त्या एका स्क्रूपाशी मुठीचा खांदा पुन्हा टेकलाच, मागच्यापेक्षा थोडा वर. तात्यांनी नवं हत्यार मिटून सदऱ्याच्या खिशात टाकलं, दोरी गुंडीला अडकवली आणि पिशवीतून पिवळ्या मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला.

“एवढं याच्यानं नाय व्हायचं, ताई,” म्हणाले, आणि कामाला लागले.